झेनॉन बसवल्यानंतर एका बाजूचा हेडलाइट लुकलुकतो किंवा विझतो : तपासणी कोणत्या क्रमाने करावी

हॅलोजन हेडलाइटच्या जागी झेनॉन संच बसवलेल्या गाड्या दुरुस्तीला येतात तेव्हा तक्रार बहुतेक वेळा एकच असते: एका बाजूचा दिवा लुकलुकतो, उशिरा पेटतो किंवा चालत्या गाडीत मधूनच विझतो. मालकाने तोवर एकदा बल्ब आणि एकदा बॅलास्ट (बॅटरीच्या १२ व्होल्टपासून बल्बला लागणारी वीज तयार करणारा डबा) बदललेला असतो, आठ-पंधरा दिवस सगळे सुरळीत चाललेले असते आणि पहिल्या मोठ्या पावसात तोच दोष परत आलेला असतो. हे काम वारंवार केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की बल्ब आणि बॅलास्ट यांच्यावर पैसे घालण्याआधी बॅटरीपासून बॅलास्टपर्यंतची वायरिंग तपासावी, कारण बिघाड बहुधा तिथेच असतो आणि तो दुरुस्त करायला फार तर काही थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी), थोडी वायर आणि एखादा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लागतो.

पुढील माहिती बाजारातून आणून बसवलेल्या संचांना लागू आहे, मुख्यतः एच४ बल्बच्या गाड्यांना, म्हणजे ज्यांत अप्पर आणि डिपर एकाच बल्बात असतात. एच७ आणि एच११ च्या गाड्यांनाही यातील बराचसा भाग लागू पडतो. ज्या गाड्यांत कारखान्यातूनच झेनॉन आलेला आहे त्यांची रचना वेगळी असते. त्यांच्याविषयी शेवटी लिहिले आहे.

लक्षणे

– इंजिन बंद असताना दिवा नीट पेटतो, पण दिवा चालू ठेवून स्टार्टर मारला की एक बाजू विझते आणि स्विच बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय उजळत नाही.
– इंजिन मंद फिरत असताना, विशेषतः एसी, वायपर आणि मागच्या काचेचा हीटर एकाच वेळी चालू असताना, प्रकाश थरथरतो. ॲक्सिलरेटर किंचित दाबला की थरथर थांबते.
– पाऊस पडल्यानंतर किंवा गाडी धुतल्यानंतर एक बाजू पेटतच नाही आणि दुपारच्या उन्हात वाळल्यावर आपोआप पूर्ववत होते.
– दिवा पेटतो, काही मिनिटे चालतो, विझतो, थंड झाल्यावर पुन्हा पेटतो. त्याच वेळी त्याचा रंग दुसऱ्या बाजूपेक्षा गुलाबी किंवा जांभळट दिसू लागलेला असतो.
– डिपर लागतो, पण अप्पर दिल्यावर काहीच बदल होत नाही.
– फ्यूज वरचेवर उडतो.
– डॅशबोर्डवर बल्ब गेल्याचा इशारा येतो, दिवा मात्र पेटलेला असतो.
– एफएम रेडिओत दिवे लावताच खरखर सुरू होते.
– समोरून येणारे वाहनचालक सतत अप्पर-डिपर मारतात. हा विजेचा दोष नाही. त्याचा विचार स्वतंत्रपणे केला आहे.

यातील नेमके कोणते लक्षण आहे आणि ते कोणत्या वेळी दिसते, हे हत्यार हातात घेण्यापूर्वी कागदावर लिहून काढावे. पावसाशी जोडलेला दोष, इंजिनच्या फेऱ्यांशी जोडलेला दोष आणि दिवा तापल्यावर येणारा दोष हे तीन वेगवेगळे आजार आहेत. ही वर्गवारी आधी झाली की पुढचे निम्मे काम वाचते.

दिवा पेटतो कसा, हे आधी समजून घ्यावे

हॅलोजन बल्बात टंगस्टनचा फिलॅमेंट असतो आणि त्याला १२ व्होल्ट थेट मिळाले की तो तापून प्रकाश देतो. व्होल्टेज थोडे कमी मिळाले तर प्रकाश मंद पडतो, पण दिवा विझत नाही. झेनॉन बल्बात फिलॅमेंटच नसतो. दोन टोकांमधल्या वायूतून विजेची ज्योत पेटवावी लागते आणि त्यासाठी सुरुवातीला सुमारे २०,००० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाबाचा क्षणिक झटका द्यावा लागतो. ज्योत एकदा स्थिर झाली की नेहमीच्या ३५ वॉटच्या बल्बला सुमारे ८५ व्होल्ट पुरतात. हे सर्व काम बॅलास्ट करतो.

पहिल्या काही सेकंदांत बल्ब लवकर उजळावा म्हणून बॅलास्ट नेहमीच्या चालीपेक्षा दुप्पट-तिप्पट करंट ओढतो आणि मग एका बाजूला साधारण ३ ते ३.५ अँपिअरवर स्थिरावतो. ५५ वॉटचा हॅलोजन बल्ब चालू स्थितीत सुमारे ४ अँपिअर घेतो. त्यामुळे झेनॉन कमी वीज खातो हे खरे असले तरी पेटण्याच्या क्षणी वायरिंगवर त्याचा ताण हॅलोजनपेक्षा जास्त पडतो. ज्या जुन्या वायरीने, गंजलेल्या अर्थने (बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणाऱ्या जोडाने) आणि सैल सॉकेटने हॅलोजन वर्षानुवर्षे मंद का होईना चालवला, तीच वायर झेनॉनला नेमक्या पेटण्याच्या वेळी दगा देते, आणि व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले की बॅलास्ट स्वतःच्या संरक्षणासाठी बंद होतो. लुकलुकण्याचे मूळ कारण बहुतेक गाड्यांत हेच असते.

काम सुरू करण्यापूर्वीची खबरदारी

दिव्याचा स्विच बंद, चावी बाहेर आणि बॅटरीचे ऋण टोक सुटे, या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय बल्ब किंवा बॅलास्टच्या जोडाला हात लावू नये. बॅलास्ट ते बल्ब या भागातील वीज प्राणघातक ठरू शकते आणि साध्या मल्टीमीटरने ती मोजण्याचा प्रयत्नही करू नये. मीटर तर जातोच, हातालाही झटका बसू शकतो. मोजणी फक्त बॅलास्टच्या आधीच्या १२ व्होल्टच्या बाजूला करावी. नुकताच विझवलेला बल्ब पुरता थंड होऊ द्यावा, त्याच्या काचेला बोट लावू नये आणि आतला वायू दाबाखाली असल्यामुळे बल्ब काढताना डोळ्यांवर चष्मा असावा. ज्या तपासण्यांत दिवा चालू ठेवावा लागतो, त्यांत बॅटरी जोडण्यापूर्वी सर्व जोड पक्के बसवलेले असावेत.

पहिली तपासणी : सवय

दिवा चालू ठेवून स्टार्टर मारण्याची सवय असेल तर ती बदलून पाहावी. स्टार्टर फिरताना बॅटरीचे व्होल्टेज काही क्षण १० च्या आसपास किंवा त्याखालीही येते, बॅलास्ट बंद पडतो आणि लगेच गरम बल्ब पुन्हा पेटवण्याचा प्रयत्न करतो. गरम बल्ब पेटवणे थंड बल्बपेक्षा अवघड असते आणि या प्रत्येक झटक्याने बल्ब आणि बॅलास्ट दोन्ही झिजतात. आधी इंजिन, मग दिवा, एवढ्यानेच काही गाड्यांची तक्रार संपते. त्याच कारणासाठी डिपर बंद असताना दिवसा केवळ इशारा म्हणून झेनॉन क्षणभर चमकवू नये; तो पूर्ण उजळायला काही सेकंद घेतो, त्यामुळे इशारा धड होत नाही आणि बल्बचे आयुष्य मात्र कमी होते.

दुसरी तपासणी : फ्यूज आणि सॉकेट

फ्यूज काढून त्याचे पाय पाहावेत. पायांवर तपकिरी डाग किंवा प्लॅस्टिक वितळल्याची खूण असेल तर तो जोड सैल आहे आणि तिथे उष्णता निर्माण होत आहे. १० अँपिअरचा फ्यूज उडतो म्हणून तिथे २० किंवा ३० चा फ्यूज घालणे हा सर्वांत धोकादायक उपाय आहे आणि दुर्दैवाने तो सर्रास केला जातो. फ्यूज वायरीचे रक्षण करतो. जाड फ्यूज घातला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर तापते, आणि ती वायर बॉनेटखाली इतर पंचवीस वायरींच्या जुडग्यात बांधलेली असते.

त्यानंतर एच४ सॉकेट पाहावे. गाडीत पूर्वी कधी ९०/१०० वॉटचे हॅलोजन बल्ब वापरले असतील तर सॉकेटच्या आतील पितळी पकड हमखास ढिली पडलेली आणि काळवंडलेली सापडते, कारण कंपनीची वायरिंग ६०/५५ वॉटच्या हिशोबाने दिलेली असते. अशा सॉकेटमधून बॅलास्टला वीज देणे म्हणजे दोष स्वतःहून आमंत्रित करणे. नवे सिरॅमिक सॉकेट स्वस्तात मिळते. मात्र वायरीचे तोंड कापून आत चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे जावे आणि मगच जोडावे.

तिसरी तपासणी : अर्थ

या एका तपासणीवर मी सर्वांत जास्त वेळ देतो. संच बसवताना बॅलास्टची काळी वायर जवळच्या एखाद्या बोल्टखाली दाबून टाकली जाते. तो बोल्ट रंगाच्या थरावर बसलेला असतो, कधी तो प्लॅस्टिकच्या पॅनेलला धरून ठेवणारा असतो आणि त्याचा बॉडीशी विजेचा संबंध नाममात्र असतो. सुरुवातीला काम चालते. एका पावसाळ्यानंतर थिंबलच्या कडेला पांढरट-हिरवी भुकटी जमते, आणि वायर कापून पाहिली तर इन्सुलेशनच्या आत बोटभर अंतरापर्यंत तांबे काळे पडलेले असते. बाहेरून ही वायर नवीकोरी दिसते, म्हणून ती कुणी तपासत नाही.

बोल्ट काढावा, खालचा रंग सँडपेपरने घासून उघडा धातू दिसू द्यावा, नवे थिंबल पकडीने नीट दाबून बसवावे, बोल्ट घट्ट करावा आणि वरून ग्रीसचा पातळ थर द्यावा. शक्य असेल तर दोन्ही बॅलास्टची अर्थ वायर थेट बॅटरीच्या ऋण टोकाला न्यावी. कोकण किनारपट्टीवर आणि गोव्यात, जिथे हवेतच मीठ असते, तिथे मी बॉडीची अर्थ वापरायचीच नाही असा सल्ला देतो.

चौथी तपासणी : डाव्या-उजव्याची अदलाबदल

हिला एक पैसाही लागत नाही आणि बल्ब, बॅलास्ट, वायरिंग यांपैकी दोषी कोण हे ती निर्विवादपणे सांगते. प्रथम फक्त बल्ब डावीकडचा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे बसवावा. दोष बल्बबरोबर सरकला तर बल्ब गेला. दोष जागेवरच राहिला तर बल्ब निर्दोष आहे. मग बॅलास्टची अदलाबदल करावी. दोष बॅलास्टबरोबर सरकला तर तो दोषी, आणि तरीही जागा सोडली नाही तर दोष त्या बाजूच्या वायरिंगमध्ये आहे, हे नक्की. एका वेळी एकच वस्तू बदलावी. दोन्ही एकदम बदलणारे लोक दोष सरकलेला पाहतात, पण कशाबरोबर सरकला हे त्यांना सांगता येत नाही.

दोष अधूनमधून येणारा असेल तर अदलाबदलीनंतर काही दिवस गाडी नेहमीप्रमाणे चालवून मगच निष्कर्ष काढावा. बल्ब गेला असे ठरले तर दोन्ही बाजूंचे बल्ब एकदम बदलावेत, कारण वापरानुसार झेनॉनचा रंग बदलत जातो आणि एक नवा, एक जुना बसवल्यास दोन बाजूंचा प्रकाश वेगळा दिसतो. गुलाबी-जांभळट छटा आणि तापल्यावर विझणे ही दोन लक्षणे एकत्र असतील, तर बल्बचे आयुष्य संपले असे मानायला हरकत नाही.

नवे बल्ब घेताना ४,३०० केल्विनचे (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचे माप) घ्यावेत. कारखान्यातून येणाऱ्या झेनॉनचा रंग याच्याच आसपास असतो आणि ३५ वॉटमध्ये सर्वाधिक उपयुक्त प्रकाश तोच देतो. ८,००० केल्विनचा निळा प्रकाश पार्किंगमध्ये प्रखर भासतो. आंबोलीच्या धुक्यात किंवा कशेडीच्या पावसात ओल्या डांबरावर तो दिसेनासा होतो. ५५ वॉटचा बॅलास्ट ३५ वॉटच्या बल्बला जोडणेही टाळावे. प्रकाश वाढतो, पण बल्ब लवकर जातो, वायरिंगवरचा ताण वाढतो आणि रिफ्लेक्टर तापतो.

पाचवी तपासणी : व्होल्टेज किती पडते

आता मल्टीमीटर लागेल. इंजिन चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे दिसत नसतील, आणि दिवे, एसी, पंखा चालू केल्यावर आकडा १३ च्याही खाली जात असेल, तर आधी अल्टरनेटर, त्याचा पट्टा आणि बॅटरीची टोके पाहावीत. हेडलाइटचा दोष तिथूनच सुरू होतो.

बॅटरी ठीक असेल तर दिवे चालू ठेवून मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी बॅलास्टच्या धन वायरीवर ठेवावी. येणारा आकडा म्हणजे वाटेत गळालेले व्होल्टेज. तो अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वायर, स्विच किंवा रिले यांपैकी काहीतरी थकले आहे. मग बॅटरीचे ऋण टोक आणि बॅलास्टची काळी वायर यांच्यामध्ये तसेच मोजावे, इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा मला चालत नाही. केवळ बॅलास्टजवळ १२ व्होल्ट आहेत का एवढेच पाहणे अपुरे आहे, कारण दिवा बंद असताना गंजलेल्या वायरीतूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. करंट वाहू लागल्यावरच गळती उघडी पडते.

गळती जास्त असेल तर खात्रीचा उपाय म्हणजे रिलेसह स्वतंत्र वायरिंग. जाड वायर बॅटरीच्या धन टोकापासून निघावी, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच तिला तिचा फ्यूज असावा, आणि गाडीच्या मूळ सॉकेटमधून फक्त रिलेला इशारा मिळावा. म्हणजे हेडलाइटच्या स्विचवरून जवळजवळ काहीच करंट जात नाही आणि बॅलास्टला बॅटरीचे व्होल्टेज मिळते.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजला फार संवेदनशील असतो: व्होल्टेज १० टक्के घटले की प्रकाश सुमारे ३० टक्के घटतो. रात्री दिसत नाही म्हणून झेनॉनचा विचार करणाऱ्या अनेक गाड्यांत हॅलोजनपर्यंत जेमतेम ११.५ किंवा १२ व्होल्ट पोहोचत असतात आणि समोरची प्लॅस्टिकची काच पिवळी पडलेली असते. हेच रिलेचे वायरिंग, चांगल्या कंपनीचे ६०/५५ वॉटचे बल्ब आणि काचेचे पॉलिश एवढे केल्यावर मालकाला झेनॉनची गरज उरत नाही, आणि तो प्रकाश कायदेशीरही असतो. ज्यांनी अजून संच घेतलेला नाही त्यांनी हे आधी करून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सहावी तपासणी : पाणी

पावसाशी जोडलेला दोष असेल तर बॅलास्ट कुठे बांधला आहे ते पाहावे. बंपरच्या आत केबल टायने लटकवलेला, चाकाचा चिखल थेट अंगावर घेणारा बॅलास्ट दोन पावसाळे क्वचितच टिकतो. तो उंचावर, धातूच्या पट्टीवर स्क्रूने पक्का बसवावा आणि त्याच्या वायरी खालच्या बाजूने बाहेर पडाव्यात. वायरीला जोडाच्या आधी खाली थोडा झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी जोडात न शिरता झोळाच्या तळाशी ठिबकून जाते.

दुसरी जागा हेडलाइटच्या मागची रबरी टोपी. वायर बाहेर काढण्यासाठी तिला भोक पाडलेले असते आणि त्या भोकातले रबर नीट बसलेले नसते. आत शिरलेली वाफ काचेवर धुके होऊन बसते. झेनॉन बल्बची उष्णता हॅलोजनपेक्षा कमी असल्यामुळे ते धुके सहज वाळत नाही. काही महिन्यांत रिफ्लेक्टरचा चकचकीत थर डागाळतो आणि मग कोणताही बल्ब घातला तरी प्रकाश परत येत नाही. भोक सिलिकॉनने बुजवताना लावताक्षणी व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये. ते वाळताना सुटणारे आम्ल तांब्याला गंजवते.

बॅलास्टच्या आतच पाणी गेले असेल तर तो उघडून वाळवण्यात अर्थ नाही. तात्पुरता चालेल, पण आतली सर्किटची पट्टी गंजलेली असते आणि आतील विजेच्या उच्च दाबामुळे तो उघडणे सुरक्षितही नाही. बदलावा.

सातवी तपासणी : उच्च दाबाची गळती

रात्री, अंधारात, बॉनेट उघडून आणि हात मागे ठेवून दुसऱ्या व्यक्तीला दिवे लावायला सांगावे. बल्बच्या मागच्या वायरीजवळ टकटक असा आवाज, निळसर ठिणगी किंवा वीज कडाडल्यानंतर येतो तसा उग्र वास जाणवला तर इन्सुलेशन फुटले आहे आणि झटका बल्बऐवजी बॉडीकडे जात आहे. दिवे तत्काळ बंद करावेत. ही वायर टेप गुंडाळून दुरुस्त होत नाही. साधी इन्सुलेशन टेप एवढ्या दाबासाठी नसते, आणि ज्या वाटेने एकदा ठिणगी गेली तिथे कार्बनची रेघ उमटते, त्या रेघेवरून ती पुन्हा जाते. बल्ब किंवा बॅलास्ट, ज्याची वायर असेल तो भाग बदलावा. ही वायर लांब करण्यासाठी मध्ये जोड दिलेला असेल तर दोष तिथेच आहे असे समजावे.

रेडिओतील खरखरही बहुधा याच भागातून येते. उच्च दाबाची वायर अँटेनाच्या वायरीपासून आणि इंजिनच्या सेन्सरच्या वायरींपासून दूर न्यावी, आणि बॅलास्टचे धातूचे कवच अर्थला जोडलेले असावे.

अप्पर लागत नसेल तर

एच४ च्या झेनॉन बल्बात अप्परसाठी वेगळा फिलॅमेंट नसतो. एक लहान विद्युतचुंबक बल्ब किंवा त्याभोवतीचे आवरण मागे-पुढे सरकवतो. आधी इंजिन बंद ठेवून आणि डिपर लावून, अप्पर देताना ‘कट्’ असा आवाज येतो का ते ऐकावे. आवाजच नसेल तर वायरिंगची दिशा तपासावी. अनेक जपानी रचनेच्या गाड्यांत हेडलाइटला धन पुरवठा कायम दिलेला असतो आणि स्विच ऋण बाजू जोडतो-तोडतो. बहुतेक संचांचे वायरिंग मात्र याच्या उलट गृहीत धरून बनवलेले असते. अशा गाडीसाठी वेगळे वायरिंग मिळते. वायरी अंदाजाने उलटसुलट जोडून पाहू नयेत, एका चुकीच्या जोडणीत बॅलास्ट जातो.

डॅशबोर्डवरील इशारा

युरोपीय गाड्यांत, आणि अलीकडच्या इतर अनेक गाड्यांत, हेडलाइटला थेट स्विचमधून वीज मिळत नाही. बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक) ती तुटक स्पंदनांच्या रूपात पुरवते आणि बल्ब किती करंट घेतो यावर लक्ष ठेवते. हॅलोजनला त्या स्पंदनांचा फरक पडत नाही; बॅलास्टला पडतो, म्हणून तो थरथरतो. करंट अपेक्षेपेक्षा कमी दिसला की इशारा येतो. यासाठी कॅनबस संच (अशा गाड्यांसाठी बनवलेले झेनॉन संच) आणि स्पंदने सपाट करणारे कपॅसिटर मिळतात आणि काही गाड्यांत ते चालतात. पण अशा गाडीत वायर कापण्याचे किंवा सॉकेटवर टेस्ट लॅम्प लावून पाहण्याचे काम घरी करू नये. मॉड्यूल जळाले तर खर्च संपूर्ण झेनॉन संचाच्या अनेक पट होतो.

समोरच्याचे डोळे दिपत असतील तर

या तक्रारीवर कोणताही बल्ब किंवा बॅलास्ट उपाय नाही, कारण इथे दोष प्रकाशाच्या जागेचा आहे. एच४ हॅलोजनमध्ये डिपरच्या फिलॅमेंटखाली धातूची छोटी वाटी असते. रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर पडून वर जाऊ शकणारा प्रकाश ती अडवते, आणि संपूर्ण रिफ्लेक्टर त्या फिलॅमेंटच्या नेमक्या जागेनुसार घडवलेला असतो. झेनॉनची ज्योत आकाराने वेगळी, किंचित कमानदार आणि टोकांशी अधिक तेजस्वी असते. ती त्याच रिफ्लेक्टरमध्ये ठेवली की प्रकाशाची वरची कड पुसली जाते. एच४ चा डिपर सुमारे १,००० ल्युमेन (प्रकाशाच्या प्रमाणाचे माप) देतो, ३५ वॉटचा झेनॉन सुमारे ३,०००. एवढा प्रकाश विस्कटून समोरच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत जातो. एलईडीचे बदली बल्बही याच कारणाने बरेचदा दिपवतात.

तरीही दिव्याचा रोख एकदा तपासावा. सपाट जमिनीवर, टायरमध्ये योग्य हवा आणि चालकाच्या जागी माणूस असताना गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करावी. डिपरची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली दिसली पाहिजे आणि आपल्याकडे ती डावीकडे, म्हणजे पदपथाच्या बाजूला, वर चढली पाहिजे. ती उजवीकडे चढत असेल तर बसवलेला प्रोजेक्टर (पुढे भिंग असलेला हेडलाइट) उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशासाठीचा आहे आणि तो समोरच्याला नेमका दिपवतो. भिंतीवर कडच दिसत नसेल, नुसताच पांढरा पसारा असेल, तर स्क्रू फिरवून काही साधणार नाही. हॅलोजन बल्ब परत बसवावा.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा बदल करण्यावर बंधन आहे, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तीच भूमिका घेतली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितले आहे. युरोपात २,००० ल्युमेनपेक्षा जास्त प्रकाशाच्या डिपरला रोख आपोआप जुळवणारी यंत्रणा आणि काच धुणारे फवारे लागतात. कारखान्यातून झेनॉन आलेल्या गाडीत ही सर्व व्यवस्था असते, बाजारातील संचात ती नसते.

कुठे थांबावे

फ्यूज, सॉकेट, अर्थ, अदलाबदल, व्होल्टेजची मोजणी आणि पाण्याचा बंदोबस्त एवढे काम थोडी हत्यारे असलेल्या कोणालाही करता येते. त्यापुढे पुढील परिस्थितींत अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच जावे: ठिणगी किंवा जळका वास येत असेल, फ्यूज योग्य क्षमतेचा असूनही पुन्हा पुन्हा उडत असेल, मुख्य जुडग्यातील वायर वितळलेली दिसत असेल, डॅशबोर्डवर इशारा असेल आणि वीज मॉड्यूलमधून येत असेल, किंवा एअरबॅगचा सेन्सर हेडलाइटच्या शेजारी असेल आणि काम करताना त्याची वायर हलवावी लागत असेल.

गाडीत कारखान्याचाच झेनॉन असेल तर पहिल्या चार तपासण्यांनंतर थांबून अधिकृत कार्यशाळेत जावे. तिथले डी१एस, डी२एस, डी३एस हे बल्ब एकमेकांच्या जागी चालत नाहीत: पहिल्या दोघांची ज्योत सुमारे ८५ व्होल्टवर चालते, पारा नसलेल्या डी३एसची सुमारे ४२ वर. शिवाय रोख आपोआप जुळवणाऱ्या यंत्रणेचे सेटिंग स्कॅनरशिवाय करता येत नाही. डी१एस आणि डी२एस बल्बांत पाऱ्याचा अल्प अंश असतो, त्यामुळे जुना बल्ब फोडू नये आणि घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्यावा.

कार्यशाळेत जाताना लक्षणांचा लिहिलेला कागद, अदलाबदलीत काय सरकले आणि दोन्ही बाजूंना किती व्होल्ट गळतात हे आकडे बरोबर न्यावेत. मूळ हॅलोजन बल्बही डिकीत ठेवावेत, म्हणजे दोष लगेच सापडला नाही तरी गाडी रात्री सुरक्षित घरी आणता येते. हॅलोजन कायमचा परत बसवायचा ठरवल्यास भोक पाडलेल्या रबरी टोप्या मात्र नव्या घ्याव्यात, कारण त्या भोकातून पाणी जाणे हॅलोजन बसवल्यानेही थांबत नाही.